वाट्याची कोंबडी

माझं तोंड जरा सैल आहे, हे आधीच सांगून ठेवते. अम्मी म्हणते, नर्स झालीस ते बरं झालं, वकील झाली असतीस तर जव्हारात एकाचं लग्न टिकलं नसतं. आमचं घर जव्हारच्या बाजारात. अब्बांचं कुलपं-किल्ल्या आणि स्टो दुरुस्तीचं दुकान. तिथून उठून मी मोखाड्याच्या डोंगरात एका उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून आले, आणि आता इतकी मुरले आहे की बदली मागायचंही सुचत नाही. उपकेंद्र कुठलं ते सांगत नाही. पुढे वाचलंत की कारण कळेलच.

दिवाळी झाली की आमच्याकडचे पाडे अर्धे रिकामे होतात. माणसं घराला कडी घालून वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे. मागे उरतात म्हातारी माणसं, आजारी माणसं आणि कोंबड्या. त्या वर्षी वरच्या पाड्यावर एक बाई मागे राहिली. नवरा भट्टीवर गेलेला, आणि हिची दीड वर्षाची पोरगी सारखी जुलाबानं आजारी, म्हणून ही थांबलेली. आमची आशाताई मला तिच्याकडे घेऊन गेली. आशाताई गावातलीच, माझ्याहून वयानं मोठी. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते रस्त्यावरून जाताना वासावर सांगते.

मी पोरीच्या दंडाला पट्टी लावली. ही पट्टी रंगीत असते. हिरव्यावर आली तर पोर बरं, पिवळ्यावर आली तर सांभाळा, आणि लालवर आली तर आता घरी ठेवू नका. पोरीची पट्टी लालच्याही पार आतपर्यंत गेली. मी काही बोलायच्या आधी पोरीनं माझ्याकडे बघितलं आणि रडायचाही कंटाळा केला. मला त्याचीच जास्त भीती वाटली. रडणाऱ्या पोराला मी घाबरत नाही.

"जव्हारच्या दवाखान्यात न्यायला हवं," मी म्हटलं. "दोन आठवडे राहायचं. पोरीला खास खाणं देतात, औषध देतात. तुलाही जेवण. बुडीत मजुरी मिळते. सकाळी गाडी बोलावते."

"नाय जमायचा," ती म्हणाली.

"का नाही जमायचं?"

"कोंबडी बसलीय."

मला वाटलं थट्टा करतेय. तर खरंच, कोपऱ्यात टोपलीत पेंढ्यावर एक तांबडी कोंबडी पिसं फुगवून बसलेली. माझ्याकडे असं बघत होती जसं काही मीच तिच्या घरात न विचारता शिरलेय. ते खरंही होतं म्हणा.

"मग उठव तिला."

"खाली अंडी हायेत. आथा उठवली तं सगली गार व्हतील."

"शेजारणीला दे."

"शेजारीन भट्टीवर गेली."

"सासू आहे ना तुझी?"

"तिला दिसत नाय. मागल्या बारीला कोंबडी समजून मांजरीला कोंडली व्हती तिनं. रातभर."

मागून आशाताईला हसू आवरेना. माझं मात्र डोकं फिरलं. म्हटलं, "अगं बये, पोरगी मोठी की कोंबडी मोठी? उद्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर कोंबडी तुला आई म्हणणार आहे का?" आणखीही बरंच बोलले, ते लिहीत नाही. ती बाई ऐकून घेत राहिली. पोरीला खांद्यावर घेतलं, थोपटलं, आणि पुन्हा म्हणाली, "कोंबडी बसलीय."

आता भिंतीवर डोकं आपटण्यात अर्थ नसतो. मी रागाच्या भरात बोलून गेले, "ठीक आहे! मी राखते तुझी कोंबडी. मग तर जाशील?"

आशाताईनं मला मागून चिमटा काढला, पण तोवर उशीर झाला होता. त्या बाईनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. आमच्या पाड्यांवर सगळ्यांना 'तू'च म्हणतात, उद्या कलेक्टर आला तरी त्यालाही 'तू'च. ती म्हणाली, "फुकट नाय. वाट्यानं घे."

वाट्यानं म्हणजे इथली जुनी रीत. कोंबडी एकाची, राखण दुसऱ्याची, आणि पिल्लं झाली की निम्मी-निम्मी. भट्टीवर जाणारी माणसं मागे राहणाऱ्यांकडे अशाच कोंबड्या ठेवून जातात. मी म्हटलं, घेतली वाट्यानं. दिवस मावळल्यावर, कोंबडी अंधारात गप्प असते म्हणून, आशाताईनं टोपली डोक्यावर घेतली आणि आम्ही उपकेंद्रात आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसताना ती बाई मला नाचणी किती घालायची, पाणी कुठे ठेवायचं, बाहेर किती वेळ सोडायची हे सांगत होती. पोरीबद्दल एक शब्द बोलली नाही. गाडी वळली आणि मी आशाताईला म्हटलं, "काळीज आहे की दगड?"

कोंबडीला मी बाळंतपणाच्या खोलीत ठेवलं. हसू नका. दार नीट लागतं अशी तेवढी एकच खोली आहे, माझ्या खोलीत मांजर येते, आणि त्या महिन्यात कुणा बाईची तारीख नव्हती. शिवाय रेंजही तिथेच. आमच्या उपकेंद्रात मोबाइल फक्त त्या खोलीच्या खिडकीला चिकटून उभं राहिलं तर लागतो.

रेंजचं एवढ्यासाठी सांगितलं की त्या बाईकडे मोबाइल नव्हता. अम्मीला मी कामाला लावलं. अम्मी रोज संध्याकाळी बाजारातून दवाखान्यात जायची, वॉर्डात त्या बाईच्या खाटेवर बसायची आणि आपल्या मोबाइलवरून मला लावून द्यायची. पहिल्या दिवशी फोन आला.

"हां बाय. कोंबडी कशी हाय?"

"पोरगी कशी आहे ते सांग."

"हाय. कोंबडी खायाला उठली का?"

"पोरीनं खाल्लं का?"

"अर्धी वाटी. कोंबडीनं?"

मला असा राग आला! म्हटलं, ही बाई अशी सुधारणार नाही. "कोंबडीनंही अर्धंच खाल्लं," मी सांगितलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी फोनवर आधी अम्मीचा आवाज, "पूरी कटोरी खिलाई इसने, मेरे सामने!" आणि मग त्या बाईचा, "आथा सांग, कोंबडीनं किती खाल्ला?" तेव्हापासून आमचं ठरूनच गेलं. आधी पोरीचा हिशोब, मग कोंबडीचा. पोरीनं दूध टाकलं की माझी कोंबडी दाण्यावर रुसायची. पोरगी हसली की माझी कोंबडी खुशीत. कोंबडी बिचारी रोज तेवढंच खात होती.

एक गोष्ट मात्र ती रोज शेवटी ऐकवायची. "कोंबडी उठली तं मी आले बघ. चालत येन." आणि मला ठाऊक होतं, ही येईल. वॉर्डातून मधेच पोर काखोटीला मारून निघून आलेल्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांच्या पोरांची पट्टी पुन्हा लालवर जाते, आणि दुसऱ्यांदा त्यांना कुणी तयार करू शकत नाही. म्हणजे त्या पोरीचा जीव आता एका कोंबडीच्या बुडाखाली होता. मी तिला हातानं दाणे भरवत होते. जन्मात कुणाची इतकी सेवा केली नाही. अम्मीनं हे वाचलं तर माझी खैर नाही.

गावात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? "सरकारी दवाखान्यात कोंबडी भरती झालीय." लसीच्या दिवशी मला बघून भाताच्या खळ्यामागं लपणाऱ्या बाया आपणहून यायला लागल्या, कोंबडी बघायला. आशाताई हुशार. ती दारात उभी राहायची आणि म्हणायची, कोंबडी बघायची तर आधी पोराला काट्यावर ठेव. त्या दिवसांत जेवढी पोरं काट्यावर चढली तेवढी मी पाड्यापाड्यानं हिंडून कधी चढवली नव्हती. एकजण लंगडणारी शेळी घेऊन आला. त्याला मी हाकललं, तर तो सरपंचाकडे गेला, "कोंबडीला घेते आणि शेळीला घेत नाय, हा कुठला न्याय?" सरपंचानं मला बोलावून घेतलं, सगळं ऐकलं, आणि विचारलं, "पण कोंबडी बरी हाय ना?"

एकदा आशाताईनं मोबाइलचा टॉर्च लावून एक अंडं त्यावर धरलं. आत लाल रेषांचं बारीक जाळं, आणि मधे काहीतरी हललं. आम्ही दोघी तोंडावर हात धरून बघत राहिलो. बाळाचे ठोके मी रोज ऐकते, पण तरी. ते अंडं मी परत ठेवलं तेव्हा कोंबडीनं मला टोचलं, आणि मी तिची माफी मागितली.

मग लसीकरणाचा दिवस आला. पडवीत पोरांचा नुसता आकांत. मी कुणाला तरी फोन लावायला त्या खोलीत गेले, खिडकी उघडली आणि तशीच राहिली. बाहेर कुणाचा तरी कोंबडा आरवला. एवढी पोरं केकाटत असताना बसून राहिलेली ती सती सावित्री त्या एका बांगेवर उठली आणि खिडकीतून पसार झाली. आमच्या लक्षात आलं तोवर लसी संपत आल्या होत्या. मी अंड्याला हात लावला. कोमट, आणि तेही जेमतेम.

"या अल्लाह!" मी म्हटलं. "आशाताई, मेलो."

खोलीत नवजात बाळांसाठी दिवा आहे. मी अंडी त्याखाली मांडली. शेजारी थर्मामीटर ठेवला. लस थंड कशी ठेवायची ते मला झोपेत विचारा, सांगेन. गरम ठेवायचं पहिल्यांदाच शिकत होते. पारा चढला, मी हुश्श केलं, आणि वीज गेली. आमच्याकडे वीज पाहुणीसारखी येते, चहासुद्धा न घेता जाते.

आशाताई कमरेवर हात ठेवून उभी. "बायांना तू काय शिकवतेस? कमी वजनाचं पोर झालं की?"

"उराशी बांधा. आईच्या अंगाची ऊब."

"मग आता काय बघतेस माझ्याकडे?"

तर अशा तऱ्हेनं मी बाळांना बांधायचा तो लांब कपडा काढला, आशाताईनं एकेक अंडं माझ्या पोटाशी लावून त्याच्या घड्यांत अडकवलं, वरून गाठ मारली, आणि मी खिडकीला लागून असलेल्या बाळंतिणीच्या खाटेवर भिंतीला टेकून बसले. श्वाससुद्धा बेतानं घेत होते. आणि तेव्हाच बाहेर जीप थांबली. तालुक्याहून साहेब. अचानक तपासणी.

साहेब आत आले. शहरातून नवीनच आलेले, उत्साही. माझ्या पोटावरचा कपडा बघितला आणि त्यांचा चेहरा फुलला. "वा! प्रात्यक्षिक चालू आहे? फार छान सिस्टर, उठू नका, उठू नका." त्यांनी मोबाइलवर माझा फोटोही काढला. "बाळाचं वजन किती?"

मी कपडा सावरला. आशाताईला खोटं बोलता येत नाही, ती म्हणाली, "चाळीस ग्रॅम असेल साहेब. एकेकाचं."

साहेबांनी मोबाइल खिशात टाकला. मग स्टुलावर बसले. आशाताईनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. लाल पट्टी, वाट्याची कोंबडी, फोन, खिडकी. साहेबांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि कोंबडी आता कुठे आहे?"

"कोंबड्याबरोबर गेलीय," आशाताई म्हणाली.

साहेब उठले, ड्रायव्हरला हाक मारली आणि दोघं मागच्या शेतात पळाले. मी खिडकीतून बघत होते. साहेब एकीकडून, ड्रायव्हर एकीकडून, आणि कोंबडी मधून तिसरीकडे. इतक्यात फोन वाजला.

"हां बाय. पोरीनं सगला खाल्ला. डाक्टर बोलला वजन वाढला. कोंबडी कशी हाय?"

"बरी आहे," मी म्हटलं. मला घाम फुटला होता.

आवाजावरून माणूस ओळखणारी ती बाई. "मना कोंबडीचा आवाज आईकव."

"काय?"

"फोन तिच्यापाशी धर. बसलेली कोंबडी कशी बोलते ती मना ठाव हाय."

मी फोनवर हात ठेवून आशाताईकडे बघितलं. आशाताईनं पदर खोचला, घसा खाकरला, आणि फोनजवळ तोंड नेऊन असा काही आवाज काढला की खरी कोंबडी लाजली असती. खर्जातली गुरगुर, मधे दोनदा कुक-कुक. मला वाटलं जिंकलो.

पलीकडून आवाज आला, "आशाताय, तुला खोकला झालाय का?"

आता काय बोलणार? "उठली," मी सांगून टाकलं.

"मी येतंय."

मागं अम्मी काहीतरी म्हणत होती, पोरगी कुरकुरत होती, आणि मला दिसायला लागलं की ही आता गाठोडं उचलते आणि घाटाच्या रस्त्याला लागते. माझा बांध फुटला. मी ओरडलेच. "ऐक माझं! एकही अंडं गार नाही. सगळी माझ्या पोटाला बांधली आहेत. साहेब तपासणीला आलेत, माझी नोकरी राहतेय की जातेय ठाऊक नाही, तरी मी जागची हललेली नाही. तू पोरीला घेऊन तिथं बस, मी अंडी घेऊन इथं बसते. तू उठलीस की मीही उठले. मग बघ काय करायचं ते!"

फोनमध्ये पोरीची कुरकुर तेवढी ऐकू आली. मग हळूच, "तू बसलीस?"

"बसले."

"अंड्यांवर?"

"अंडी माझ्यावर आहेत, बये!"

आधी अम्मीचं हसणं ऐकू आलं, मग तिचं. तिला हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "बरा," ती म्हणाली. "बस मग. मी बी बसते. आन् बाय, फिरवत राहा त्यांना, एकाच अंगाला नको ठेवू."

थोड्या वेळानं साहेब कोंबडी छातीशी धरून आले. शर्टावर डाग, केसात पेंढा, चेहऱ्यावर मेडल मिळाल्याचा आनंद. आम्ही खिडकी लावली, खोलीत अंधार केला, अंडी टोपलीत ठेवली. कोंबडी जरा तोऱ्यात इकडेतिकडे फिरली आणि मग काही झालंच नाही अशी जाऊन बसली. साहेबांनी तपासणीच्या शेऱ्यात लिहिलं, नवजात बाळांची ऊब राखण्याची सोय समाधानकारक. माझा तो फोटो मात्र त्यांनी ग्रुपवर टाकला, आणि अजून मिटिंगला गेले की कुणी ना कुणी विचारतंच, सिस्टर, यंदा किती उबवली?

आठातून पाच पिल्लं निघाली. आणि ती बाई पूर्ण दिवस काढून परत आली. जीपमधून उतरली ती सरळ टोपलीकडे. मी पोरीला ओढून घेतलं, दंडाला पट्टी लावली. पिवळी! आणि पोरगी पट्टी लावताना अशी काही भोकाड पसरून रडली की मला तिचा मुका घ्यावासा वाटला. मग घेतलाच.

ती बाई पिल्लांची वाटणी करायला बसली. दोन माझी, दोन तिची, आणि पाचवं हातात धरून बसून राहिली. मी म्हटलं, सगळी घेऊन जा, मला काय करायचीत? तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी निमूट माझी दोन उचलली. पाचवं तिनं माझ्या ओटीत टाकलं. "कोंबडी उठली ती उठली," ती म्हणाली. "बसली तू."

मला राहवलं नाही. माझं तोंडच तसं. विचारलं, "एक सांग. पोरगी मरायला टेकली होती आणि तू रोज कोंबडीचं विचारायचीस. असं कसं गं तुझं?"

ती पिल्लांकडे बघत बोलली. "कोंबडीचा काय? मेली असती तं खाल्ली असती. हिच्या आधी एक पोर व्हता मना. त्याला बी तिथंच नेला व्हता. तवा मी जो भेटल त्याला रोज विचारायचे, माझा पोर कसा हाय, माझा पोर कसा हाय. आन् तो गेला. म्हणून या बारीला पोरीचा कोणाला नाय विचारला. कोंबडीचा विचारला."

आशाताईनं तोंड फिरवलं आणि उगीच पाटावरची धूळ पुसायला लागली. मी पिल्लू घट्ट धरून बसले, इतकं की ते ओरडलं.

पोरगी आता शाळेत जाते. त्या बाईनं मोबाइल घेतलाय. गेल्या वर्षी अम्मीचं हृदयाचं दुखणं निघालं आणि तिला नाशिकला मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागलं. मी रजा टाकून तिथं होते. सगळ्या नातेवाइकांचे फोन, अम्मी कशी आहे, डॉक्टर काय म्हणाले, रिपोर्ट काय आला. सांगून सांगून माझा जीव नकोसा झाला होता. प्रत्येक वेळी सांगताना वाटायचं, आता उद्या काय सांगायचं?

संध्याकाळी त्या बाईचा फोन आला. आशाताईकडून कळलं असणार.

"हां बाय," ती म्हणाली. "कोंबडी कशी हाय तुझी?"

काचेपलीकडे अम्मी उशीला टेकून बसलेली, नर्सशी मिठावरून भांडत. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि हसूही आवरेना. समोरच्या बाकावरचा माणूस घाबरून सरकून बसला.

"बरी आहे," मी म्हटलं. "आज अर्धी वाटी खाल्ली."

"उद्या सगली खाल," ती म्हणाली. "तू उठू नको."